सुटलेले व्यसन पुन्हा का जडते?

व्यसन सोडणे आणि ते सुटलेलेच राहणे या दोन भिन्न गोष्टी होत. हेरॉइन अकस्मात बंद केल्यास अंगदुखी, जुलाब, निद्रानाश इत्यादी त्रास होतात. परंतु त्यांचा जोर साधारणतः आठवड्याभरात ओसरतो. खरी कसोटी त्यानंतरची असते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या नियमावलीत, व्यसनाची लक्षणे निदान तीन महिने दिसली नाहीत तर त्या स्थितीस प्रारंभिक उपशम आणि बारा महिने वा अधिक काळ दिसली नाहीत तर दीर्घकालीन उपशम मानले आहे. या लक्षणांतून एक मात्र वगळलेले आहे. ते म्हणजे मनातील ओढ. ती शिल्लक असूनही मनुष्य व्यसनापासून दूर राहू शकतो, हे शास्त्राने मान्य केले आहे.

ही ओढ टिकते कशी? अन्नाबरोबर वारंवार ऐकू आलेल्या ध्वनीने कुत्र्याच्या तोंडास पाणी सुटते, हे पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने दाखविले होते. केंटकी प्रांतातील लेक्सिंग्टन येथील रुग्णालयात एब्रहॅम विकलर यांना तसाच प्रकार माणसांत आढळला. कित्येक महिने अमली द्रव्यास न शिवलेल्या रुग्णांत त्या द्रव्याच्या गोष्टी निघाल्या, की त्यांना जांभया येत व डोळ्यांतून पाणी वाहू लागे. जुना कोपरा, जुना सोबती, पगाराचा दिवस, घरातील भांडण यांपैकी काहीही मेंदूतील ती जुनी खूण जागी करू शकते.

परिस्थितीचे हे सामर्थ्य व्हिएतनाममधून १९७१ साली परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या पाहणीत स्पष्ट झाले. तेथे असताना सुमारे एक-पंचमांश सैनिक व्यसनाधीन झाले होते. ली रॉबिन्स या संशोधिकेस असे आढळले, की मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनाच्या आहारी गेले. रणभूमीवरील सर्व खुणा मागे राहिल्या होत्या. सामान्य रुग्णास मात्र उपचारानंतर आपल्याच गल्लीत परतावे लागते.

पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या कार्याचे मर्म येथेच आहे. गर्दच्या व्यसनावरील अनिल अवचट यांच्या लेखनाने अस्वस्थ झालेल्या पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू केले. उपचार घेऊन घरी गेलेल्यांशी संबंध टिकविणे, त्यांच्या कुटुंबीयांशी बोलणे आणि व्यसनमुक्तीचा वाढदिवस साजरा करणे यांस तेथील पद्धतीत महत्त्वाचे स्थान आहे. स्वतः त्या वाटेने गेलेला मनुष्य नवागतास आधार देतो.

या आधाराची निकड आणखी एका कारणाने आहे. नशेपासून दूर राहिल्यावर शरीराची ते द्रव्य सोसण्याची शक्ती घटते. अशा वेळी हेरॉइनची पूर्वीचीच मात्रा घेतल्यास श्वास बंद पडून मृत्यू ओढवू शकतो. म्हणून रुग्णाचा पाय पुन्हा घसरला, तर ती गोष्ट लाजेने लपवून न ठेवता त्याच दिवशी वैद्यांकडे जाणे हिताचे. अशा घसरणीनंतर उपचार नव्याने सुरू करता येतात, आणि घरच्या माणसांनी दार उघडे ठेवले तर रुग्ण त्यासाठी वेळेवर परत येतो.