सकाळी बोटं आखडतात? दुखणं अंगावर काढू नका

आमच्या वहिनी पहाटे धार काढायला बसल्या की बोटंच मिटायची नाहीत. तास-दीड तासाने हात जरा सैल पडायचे. ‘काम केलं की हात दुखणारच,’ असं आम्ही सगळेच म्हणालो. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, तेल चोळलं, दीड वर्ष गेलं. आज औषधाने दुखणं आटोक्यात आहे, पण वाकडी झालेली बोटं सरळ झाली नाहीत.

हा आजार म्हणजे रूमेटॉइड आर्थरायटिस. आपल्याकडे याला आमवात किंवा नुसतं संधिवात म्हणतात. अंगातली रोगाशी लढणारी शक्तीच चुकून आपल्या सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, मग हाड खराब होतं. उतारवयात गुडघे झिजतात, तो आजार वेगळा. हा तिशी-चाळिशीतही सुरू होतो आणि बायकांमध्ये दोन-तीन पट जास्त दिसतो. बिडी-सिगारेटने धोका वाढतो.

ओळखायचा कसा?

- सकाळी सांधे अर्धा-एक तास किंवा जास्त वेळ आखडलेले राहतात.
- बोटांची पेरं, मनगटं, पायाची बोटं सुजतात, बहुतेक दोन्ही बाजूंची.
- बसून राहिलं तर जास्त दुखतं, हालचालीने मोकळं वाटतं.
- थकवा, बारीक ताप, भूक कमी, रक्त कमी.
- पुढे डोळे आणि फुप्फुसांनाही त्रास होऊ शकतो.

सूज सहा आठवड्यांच्या वर टिकली तर थांबू नका. डॉक्टर हात तपासतात; आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर अशा रक्ततपासण्या आणि एक्स-रे सांगतात. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला तरी आजार असू शकतो.

नुसत्या वेदनाशामक गोळीने दुखणं दबतं, सांध्याचं नुकसान थांबत नाही. ते रोखणारी औषधं वेगळी आहेत. त्यातली मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं, म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा. दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. बरं वाटलं म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका.

आजार मुळापासून जाईलच असं नाही, पण पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर बहुतेकांचे हात वाचतात. घरातली बाई सकाळी बोटं चोळत बसलेली दिसली, तर तिला एकदा विचारा.