अर्धा एकर

माझं आजोळ अथणी तालुक्याच्या पूर्वेकडचं. तालुक्याच्या एका अंगाला कृष्णाकाठचा हिरवागार ऊस, तर आमच्या बाजूला जतसारखंच कोरडं रान. पूर्वी इकडं शाळू नि तूर पिकायची. मामा तरुणपणी सहा हंगाम ऊसतोडीला जात होता. दुसऱ्याचा ऊस तोडून आणलेल्या पैशात त्यानं बोअर मारली आणि एक एकर टोमॅटो लावला. उसाला पाणी पुरणार नव्हतं, टोमॅटोला ठिबकवर भागत होतं.

कोरडवाहू भागातला टोमॅटो म्हणजे थेंबाचा हिशेब. गादीवाफ्यावर मल्चिंगचा कागद, खाली ठिबकची नळी. कागदामुळं ओल टिकते, तणही कमी होतं. कडेनं मक्याच्या दाट ओळी; पांढरी माशी थोडी अडते. ही माशी पानं आकसवणारा रोग पसरवते. मधेमधे झेंडू, म्हणजे फळ पोखरणारी अळी तिकडं वळते. बांबू, तार, सुतळी यांचा खर्च वेगळाच. पाणी मात्र रोज थोडं आणि वेळेवर हवं. ताण पडला की झाडाला चुना, म्हणजे कॅल्शियम, उचलता येत नाही. फळाचं बूड काळं पडतं. ताणानंतर एकदम भरपूर पाणी दिलं, तर फळ तडकतं.

२०२३ चा पाऊस दगा देऊन गेला. त्या जुलैत शहरात शंभरी ओलांडलेला टोमॅटो सप्टेंबरात पार कोसळला होता. तरी मामानं फेब्रुवारी २०२४ मध्ये उधारीवर रोपं आणून लावली. मार्चअखेर बोअर अर्ध्या तासावर आली. मी गेले तेव्हा पीक फुलोऱ्यात होतं आणि मामा वरच्या अंगाची झाडं उपटत होता.

"मामा, अरे फुलं लागलीत की!"

"म्हणूनच गं पोरी. एवढ्या पाण्यात समदी जगवायला गेलो तर समदीच मरतील. अर्धं वाचवायचं तर अर्धं मारायलाच लागतंय."

मामी त्या दिवशी रानात आलीच नाही. संध्याकाळी उपटलेली झाडं तिनं बघितली आणि न बोलता चूल पेटवली.

वाचवलेल्या अर्ध्या एकराला पहाटेचं पाणी मिळत राहिलं. ऊन वाढायच्या आत नळी बंद. मे-जूनमध्ये तोडे झाले, शेवटच्या तोड्यांना भावही बरा लागला. रोपवाल्याची आणि औषधवाल्याची उधारी फिटली. हातात काय उरलं, असं मी विचारलं, तेव्हा मामा हसला. "बियाणाचं कर्ज नाही, हेच उरलं."

मंडईत टोमॅटो दहा रुपयांना मिळाला की आपण दोन किलो जास्त घेतो. शंभराला गेला की शेतकऱ्याच्या नावानं बोटं मोडतो. मीही मोडत होते. आता सार करताना बूड काळं पडलेलं एखादं फळ हाती लागलं, तर ते फेकत नाही. तेवढा भाग कापते आणि उरलेलं घालते. कुठल्या तरी रानात एक दिवस पाणी चुकलं असणार.