राजाचे मोदक आणि आमचे 'गच्छामि'

पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. येथील एका सातवाहन राजाची कथा 11व्या शतकात सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त सांगितली आहे. जलक्रीडेत राजा अंगावर पाणी उडवू लागला, तेव्हा थकलेली राणी संस्कृतात बोलली. त्यातील 'मोदकैः' आणि 'ताडय' एवढेच राजाने ऐकले व मोदक मागविले. राणी हसली, राजा लज्जित झाला.

'ताडय' हे 'तड्' धातूचे आज्ञार्थी, द्वितीयपुरुषी एकवचनी रूप, अर्थ 'मार'. राजाला वाटले, 'मोदकांनी मार'. वस्तुतः 'मोदकैः' हा 'मा' आणि 'उदकैः' यांचा संधी होता. आ आणि उ मिळून ओ झाला. 'मा' म्हणजे नको, 'उदकैः' म्हणजे पाण्याने. क्रियापद जसेच्या तसे राहिले. संधीत लपलेल्या 'मा'ने आज्ञेचा निषेध झाला.

लज्जित राजाने व्याकरण शिकण्याचा ध्यास घेतला. गुणाढ्याने सहा वर्षे मागितली. शर्ववर्म्याने सहा महिन्यांत शिकविण्याची प्रतिज्ञा केली. त्याचे व्याकरण ते 'कातंत्र'. कथा ही दंतकथा असेल, ग्रंथ मात्र खरा आहे. सुलभतेमुळे तो बौद्धांमध्ये रुजला. मध्य आशियात त्याची हस्तलिखिते सापडली, तिबेटी भाषेत त्याचे भाषांतर झाले. 'कातंत्रा'त आज्ञार्थाला 'पञ्चमी' व वर्तमानकाळाला 'वर्तमाना' म्हणतात. कच्चायनाच्या पाली व्याकरणातही 'पञ्चमी' आणि 'वत्तमाना' हीच नावे आहेत.

आपण रोज वंदनेत उच्चारतो ते 'गच्छामि' याच 'वत्तमाने'चे, 'गम्' धातूचे, प्रथमपुरुषी एकवचनी रूप. संस्कृतातही ते असेच आहे. 'जातो' आणि 'जाते' असा भेद त्यात नाही. मुलगा असो वा मुलगी, रूप एकच. शंभर कंठांतून एकत्र उमटले तरी ते एकवचनच राहते: प्रत्येकाने स्वतःसाठी म्हणावयाचे.

राजाला न येणारी भाषा शिकविण्यास पंडित दारी उभे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मात्र इच्छा असूनही शाळेत संस्कृत मिळाले नाही. फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतः पाली कोश व व्याकरण सिद्ध केले. ते त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या 16व्या खंडात आहे. म्हणून आमच्या वर्गात 'कळले नाही' म्हणणाऱ्या मुलाला कोणी हसू नये, एवढे आम्ही कटाक्षाने पाहतो. घरीही पालकांनी हेच जपावे, अशी आमची नम्र विनंती आहे.