सर्दीची गोळी घेतली की झोप का येते? जुन्या आणि नव्या अँटिहिस्टामिनमध्ये फरक काय?

हवा बदलली की शिंका, नाकातून पाणी आणि डोळ्यांना खाज सुरू होते. मग मेडिकलमधून ‘सर्दीची गोळी’ घ्यायची आणि दुचाकी काढून ऑफिस गाठायचे, हे नेहमीचेच. पण ती गोळी कोणत्या प्रकारची आहे, हे किती जण पाहतात?

गोळी नेमके काय करते?
धूळ किंवा परागकण शरीरात गेल्यावर अ‍ॅलर्जी असलेल्यांच्या शरीरात हिस्टामिन हे रसायन बाहेर पडते. त्यामुळे शिंका, खाज सुरू होते. अँटिहिस्टामिन औषधे हिस्टामिनचा हा परिणाम रोखतात.

मग झोप का येते?
मेंदूत हेच हिस्टामिन आपल्याला जागे ठेवते. क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामाइन, प्रोमेथाझिन ही जुनी औषधे रक्तातून मेंदूत सहज शिरतात आणि तेथेही त्याला रोखतात. शिवाय तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता, लघवी अडणे असे त्रास होऊ शकतात. ज्येष्ठांना त्यांचा धोका अधिक.

नव्या गोळ्यांचे काय?
लोराटाडिन, सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन ही औषधे मेंदूत फारशी पोहोचत नाहीत. त्यांचा परिणाम साधारण दिवसभर टिकतो. मात्र सेटिरिझिनने काहींना झोप येते. फेक्सोफेनाडिनने ती सहसा येत नाही. पण ही गोळी फळांच्या रसासोबत घेऊ नये, परिणाम कमी होतो.

झोप आली नाही, म्हणजे गाडी चालवावी?
तसे नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर केलेला अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डायफेनहायड्रामाइन घेतलेल्यांचे वाहन चालवणे मद्य घेतल्यावरच्या तुलनेतही वाईट ठरले. फेक्सोफेनाडिन घेतल्यावर तसा परिणाम दिसला नाही. महत्त्वाचे म्हणजे, आपल्याला किती झोप येते आहे, या चालकांच्या स्वतःच्या अंदाजावरून त्यांचे वाहन चालवणे किती बिघडले, हे नीट कळत नव्हते.

काय काळजी घ्यावी?
स्ट्रिपवर ब्रँडच्या नावाखालील घटक वाचा. सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन असते. ती घेतल्यास वाहन चालवू नका, मद्य टाळा. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचे निर्देश केंद्रीय औषध नियामकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले आहेत. गर्भवती, ज्येष्ठ आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच गोळी घ्यावी.