घारापुरीचे बेट : पाणी, झाडे, दगड आणि माणसे

घारापुरी हे रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील एक बेट आहे. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून ते पूर्वेला सुमारे १० किलोमीटरवर आहे. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये दोन डोंगर, असे ते दिसते. डोंगरांची उंची सुमारे १५० मीटर, म्हणजे आपल्या गावामागच्या डोंगरापुढे ते लहानच. याच बेटाला एलिफंटा असेही म्हणतात. या जानेवारीत आपल्या शाळेची सहल तिथे गेली होती. बाई म्हणाल्या, "सकाळी लवकर उठलो, डबा खाल्ला, मजा आली, असं लिहू नका. जे पाहिलं ते तसं का आहे ते लिहा. जे आले नाहीत त्यांना कळलं पाहिजे." म्हणून मी चार गोष्टी सांगते.

१. पाणी

आमच्या वर्गात १४ मुली आहेत. सहलीला आम्ही ६ जणीच गेलो. बाकीच्यांच्या घरी लाँचची भीती वाटली. ती भीती उगाच नव्हती. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच वाटेवर एका प्रवासी लाँचला एका वेगवान बोटीची धडक बसली, लाँच बुडाली आणि दहाहून अधिक माणसे गेली. माझ्या आजीनेही आधी "नाही म्हणजे नाही" असेच सांगितले होते. म्हणून लाँचवर चढल्यावर मी सगळे नीट बघत होते. सुटण्याआधी प्रत्येकाला नारिंगी रंगाचे लाईफ जॅकेट घालायला लावले. गुरुजींनी एकेकाचे पट्टे ओढून पाहिले. सुमारे तासाभराचा प्रवास आहे. लाँचच्या मागे पांढरे कुरव पक्षी उडत येत होते. त्यांतले काही लडाख-तिबेटकडच्या थंड तळ्यांवरून हिवाळ्यापुरते इथे येतात.

आपल्याकडे नदीचे पाणी एकाच दिशेने वाहते. समुद्राचे तसे नाही. चंद्राच्या ओढीने ते दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. चढायला सुमारे सहा तास आणि उतरायला सुमारे सहा तास. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, तेव्हा मोठी भरती येते. तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास भरती लहान असते. तिला भांग म्हणतात. मोठ्या उधाणाला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्याही वर चढते, म्हणजे आपल्या शाळेच्या कौलांपर्यंत!

भरतीची वेळ काढायचे एक सोपे गणित खलाशीकाकांनी सांगितले. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. आम्ही गेलो त्या दिवशी दशमी होती. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे भरती साडेसातला आणि ओहोटी दुपारी दीड-दोनला. आणि खरंच, दुपारी पाहतो तर सकाळचं पाणी गायब आणि सगळीकडे चिखल! किनारा असा उथळ आहे म्हणूनच लाँच लागायला समुद्रात लांबवर धक्का बांधला आहे. त्या धक्क्यावरून लहानशी आगगाडी चालते.

२. झाडे

चिखलातली झाडे म्हणजे तिवर आणि कांदळ. खाऱ्या पाण्यात आपली ज्वारी एक दिवस टिकणार नाही, मग ही झाडे कशी जगतात? बाईंनी तिवराचे पान जिभेला लावून पाहायला सांगितले. खारट लागले! तिवर नको असलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते. दुसरी अडचण हवेची. चिखलात मुळांना हवा मिळत नाही. म्हणून तिवराची मुळे जमिनीतून पेन्सिलीसारखी वर येतात आणि ओहोटीच्या वेळी हवा घेतात. आम्हांला ती आधी कोणी रोवलेल्या काड्या वाटल्या. कांदळाची गंमत वेगळी. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते आणि लांब शेंगेसारखे लोंबते. खाली पडले की चिखलात उभेच रुततं, नाही तर तरंगत दुसरीकडे जाऊन रुजतं.

या मुळांत कोळंबी, खेकडे आणि माशांची पिल्ले लपून वाढतात. निवटी नावाचा मासा तर चिखलावर उड्या मारतो. त्याला पाण्याबाहेरही श्वास घेता येतो. झाडे तोडली तर पिल्लांना आसरा राहणार नाही, मग कोळ्यांच्या जाळ्यात काय येणार? शिवाय लाटांचा मार हीच झाडे आधी झेलतात, म्हणून किनारा खचत नाही.

३. दगड

धक्क्यापासून सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढल्या की लेणी लागतात. पश्चिमेच्या डोंगरात पाच लेणी शंकराची आणि पूर्वेच्या डोंगरात दोन बौद्धांची आहेत. मोठे लेणे इसवी सनाच्या सहाव्या शतकातले मानतात. दगड मात्र आपल्या ओळखीचा! आपल्या डोंगराचा जो काळा फत्तर, तोच हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला रस थरावर थर पसरला आणि थिजला. त्यातूनच सह्याद्री आणि हे बेट झाले.

माझे वडील गवंडी आहेत. गवंडी पाया घालून खालून वर बांधत जातो. लेणे उलटे आहे. इथे काही बांधलेच नाही. नको तेवढा दगड छिन्नी-हातोड्याने काढून टाकला आणि उरला तो खांब, उरली ती मूर्ती. घराची वीट चुकली तर काढून दुसरी लावता येते. इथे एक घाव जास्त बसला तर देवाचे नाक गेले ते गेलेच! मोठे लेणे पुढच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत सुमारे ३९ मीटर आहे. एवढ्या कामात त्यांनी किती सांभाळून घाव घातले असतील, याचा विचार वडिलांना सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले.

मागच्या भिंतीत पाच मीटरहून उंच अशी तीन तोंडांची मूर्ती आहे. आत अंधार असतो. डोळे सरावले की चेहरे हळूहळू दिसू लागतात. लोक तिला त्रिमूर्ती म्हणून ब्रह्मा, विष्णू, महेश समजतात. पण अभ्यासकांच्या मते तिन्ही मुखे शंकराचीच आहेत. आपल्या डाव्या हाताचे मुख रागीट आणि मिशीवाले, उजव्या हाताचे कोवळे आणि हातात कमळ घेतलेले, मधले शांत. बाजूला कैलास हलवणारा रावण, शिवपार्वतीचे लग्न, गंगा उतरते तो प्रसंग आणि अर्धनारीश्वर आहेत. पुष्कळ मूर्तींचे हातपाय तुटलेले आहेत.

हे लेणे कोणी कोरले? इथे एक कोरीव लेख होता. १५३४ मध्ये बेट पोर्तुगीजांकडे गेले, आणि पुढे त्यांनी तो शिलालेख पोर्तुगालला पाठवला. तिथे तो हरवला. त्यामुळे राजाचे नाव अभ्यासकांना अंदाजानेच सांगावे लागते. एलिफंटा हे नाव पोर्तुगीजांनीच दिले, किनाऱ्याजवळच्या दगडी हत्तीवरून. तो हत्ती इंग्रज १८६४ मध्ये विलायतेला न्यायला निघाले. उचलताना साखळी तुटली, हत्ती पडून त्याचे तुकडे झाले. म्हणून तो इथेच राहिला! तुकडे जोडलेला हत्ती मुंबईच्या राणीच्या बागेत, म्हणजे जिजामाता उद्यानात, आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिला.

१९८७ मध्ये युनेस्कोने ही लेणी जागतिक वारसा म्हणून जाहीर केली.

४. माणसे

बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे आहेत. मासेमारी आणि पाहुण्यांना वस्तू, खाणे विकणे यांवर पुष्कळांचे पोट चालते. महाशिवरात्रीला इथे जत्रा भरते.

समोर मुंबई रात्रभर दिव्यांनी झगमगते. पण या गावांत वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी! समुद्राच्या तळाशी साडेसात किलोमीटरची केबल टाकून ती आणली. त्याआधी जनरेटरवर संध्याकाळी काही तासच दिवे लागत. पायऱ्यांवर काकड्या विकणाऱ्या एका आजींना आम्ही विचारले, तेव्हा मुलं अभ्यास कधी करायची? त्या म्हणाल्या, "दिवा गेला का पुस्तक मिटायचं. पोरांना नंबर आणायचा तर उजेडात बसायला नको का? समोरचा उजेड काय घरात येतो?" आम्ही सगळे गप्प झालो. आपल्याकडे वीज तासभर गेली तर किती ओरडतो आपण!

आजींनी आणखी एक सांगितले. येणारे लोक बाटल्या आणि पिशव्या टाकून जातात. माकडे त्या फाडतात, आणि राहिलेला कचरा भरतीच्या पाण्याने तिवरांत अडकतो. तिवराची श्वासाची मुळे झाकली गेली तर झाड मरते, हे आता तुम्हांला ठाऊक झालेच आहे. लेण्यातही काही जणांनी भिंतीवर स्वतःची नावे खरडली आहेत. ज्यांनी दीड हजार वर्षांपूर्वी एवढे कोरले, त्यांचे एकही नाव उरले नाही, आणि ज्यांनी काहीच केले नाही त्यांची नावे भिंतीवर! मला याचा राग आला.

जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे :
• सोमवारी लेणी बंद असतात.
• लाईफ जॅकेट उतरेपर्यंत काढू नये. पावसात समुद्र खवळला असेल तर हट्ट करू नये.
• खाऊची पिशवी हातात धरू नये, माकडे ओढून नेतात.
• मूर्तींना हात लावू नये. आपला कचरा आपल्याच पिशवीतून परत आणावा.
• जाण्याआधी कालनिर्णयात तिथी पाहून पाऊणपट करावी, म्हणजे चिखल कधी दिसेल ते कळेल.

आईवडिलांना एक विनंती. भीती वाटली तर गुरुजींना विचारा, जॅकेटे किती आहेत, सोबत मोठी माणसे किती आहेत. उत्तर पटलं तर मुलींनाही पाठवा. खारट पान कसं लागतं ते फळ्यावर लिहून कळत नाही.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी