दारातलं परदेशी शहर

श्रोतेहो, एकदा तरी परदेश पाहावा, असं कुणाला वाटत नाही? लिस्बन, रोम, पॅरिस ही नावं आपण शाळेच्या नकाशात वाचतो, गुरुजी छडीचं टोक त्यांवर ठेवतात, आणि तास संपला की नकाशा गुंडाळून कपाटात जातो. पण मी तुम्हांला म्हटलं, की युरोपी लोकांनी युरोपी धर्तीवर वसवलेलं एक आख्खं शहर जूचंद्र गावाहून सकाळी निघून दिवेलागणीला परत यावं इतक्या जवळ आहे, तर तुम्ही म्हणाल, काय थट्टा करता! थट्टा नाही. त्या शहराला पोर्तुगीज 'बसईं' म्हणत. आपण त्याला वसईचा किल्ला म्हणतो, आणि इथंच आपली पहिली चूक होते.

किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे डोंगर, तट, दारूकोठार आणि शिबंदी उभी राहते. वसईत तट आहे, बुरूज आहेत. पण तटाच्या आत नांदत होतं ते शहर. त्यात रस्ते होते, चौक होता, बाजार होता, देवळांएवढीच मोठी चर्चं होती, इस्पितळ होतं, पाद्र्यांचं विद्यालय होतं. गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने १५३४ साली वसई आणि तिचा मुलूख पोर्तुगीजांना तोडून दिला. तेव्हापासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे पाच वर्षं, हे शहर त्यांच्या 'उत्तर प्रांता'चं मुख्य ठाणं होतं.

तुमच्यापैकी पुष्कळांनी ही वसई पाहिली असेल. शाळेच्या सहलीत पाहिली असेल, लग्नाच्या वऱ्हाडातून जाताना पाहिली असेल. मीही अशीच पाहिली होती. चाळीस मुलं, दोन मास्तर, एक शिट्टी. डबे खाल्ले, लपाछपी खेळलो आणि परत आलो. पुढं कितीतरी वर्षांनी मी एकटाच गेलो, दिवसभर पायी हिंडलो, तेव्हा कळलं की या ओळखीच्या शहराला मी कधी भेटलोच नव्हतो. म्हणून आज सांगणार आहे, तो दिवस तुम्ही कसा घालवावा ते.

जूचंद्रहून नायगाव स्टेशन गाठा. तिथून वसई रोड एकच स्टेशन. मग बस किंवा रिक्षा, वसई गावातून किल्लाबंदराकडे जाणारी. मात्र थेट बंदरापर्यंत जाऊ नका. तट दिसू लागला की उतरा. नव्या रस्त्याने वाहनातून गेलं, की शहर कधी सुरू झालं आणि कधी संपलं हेच कळत नाही. शहरात शिरावं ते पायी.

आधी तटाबाहेर थांबून बुरुजांचा आकार पाहा. आपल्या डोंगरी किल्ल्यांचे बुरूज बहुधा गोल असतात. इथले बरेचसे बाणाच्या टोकासारखे पुढे आलेले आहेत. असं का? गोल बुरुजाच्या अगदी पुढ्यात एक जागा अशी राहते, की तिथं शत्रू येऊन बिलगला तर शेजारच्या बुरुजावरून तो नीट टिपता येत नाही. टोकदार बुरुजांत एकाच्या तोफा दुसऱ्याची बाजू राखतात. तोफा सुधारल्यावर इटलीत ही रीत निघाली आणि पोर्तुगीजांनी ती इथं आणली. मुलांना हे समजवायचं तर पाटीवर दोन बुरूज काढा, एक गोल आणि एक टोकदार, आणि शेजारच्या बुरुजावरून सरळ रेघा मारा. तटाची सारी विद्या त्यात आली.

शहराला दोन मोठे दरवाजे. एक जमिनीकडचा, एक खाडीकडचा. जमिनीकडून आत या आणि उभे राहा. समोर झाडी, ताड, वेली, मध्येच एखादी उंच भिंत. पहिल्यांदा काहीच उमगत नाही. जूचंद्रच्या मंडळींना मी एक उपमा देतो. तुमचं गाव रांगोळीसाठी नावाजलेलं. रंग वाऱ्याने उडून गेले आणि नुसती रेघ उरली, तरी तुमच्यातला जाणता माणूस ओळखतो की इथं डोळा होता, इथं पदर होता. वसईत तसंच बघायचं आहे. रंग गेला आहे, रेघ आहे.

तो रंग भरायला दोन जुने पाहुणे आपल्या मदतीला येतात. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य १६७५ च्या सुमारास इथं आला होता. त्याने ऐटबाज घरं, झाकलेल्या सज्ज्या आणि मोठमोठ्या खिडक्या पाहिल्या. त्या खिडक्यांना काच नव्हती, शिंपल्यांची तावदानं होती. पातळ शिंपला घासून चौकटीत बसवला, की ऊन मऊ होऊन आत येतं. दुसरा पाहुणा जेमेल्ली कारेरी. हा इटलीतला कायदेपंडित, एकटाच जगाच्या फेरीला निघालेला. तो १६९५ साली वसईत हिंडला. त्याला सरळ, रुंद रस्ते दिसले, चांगल्या इमारतींचा चौक दिसला. पण साथीच्या रोगाने शहराचा एक भाग ओस पडला होता, हेही त्याने टिपून ठेवलं. शहराबाहेर मैलोन्‌मैल बागा आणि ऊस होता. म्हणजे बघा, शहर अजून भरात असल्यासारखं दिसत होतं, आणि आतून रितं होऊ लागलं होतं. एकट्या माणसाला असं दिसतं. घोळक्याचं लक्ष घोळक्यात असतं.

आता चर्चं बघा. फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या चर्चमध्ये पायांखालची फरशी नीट न्याहाळा. त्या थडग्यांच्या शिळा आहेत. कुणी सरदार, कुणाची बायको. हजारो कोस ओलांडून आलेली माणसं, इथल्या मातीत निजलेली. शिळेवर पाय न देता कडेने चला. जेझुइटांच्या चर्चची दर्शनी भिंत अजून डौलात उभी आहे. तिथं गोन्सालो गार्सिया या वसईच्या मुलाचं स्मरण दरवर्षी होतं. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. १५५७ च्या सुमारास जन्मलेला हा मुलगा व्यापारासाठी जपानपर्यंत गेला, तिथली भाषा शिकला, पुढं फ्रान्सिस्कन झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत त्याला क्रुसावर मारण्यात आलं. १८६२ साली त्याला संतपद मिळालं. साडेचारशे वर्षांपूर्वी वसईचा एक पोरगा जपानी बोलत होता, हे वर्गात सांगून बघा. नकाशाकडे बघण्याची मुलांची नजर बदलेल.

दुपारी सावली बघून शिदोरी सोडा आणि खाता खाता एक खेळ खेळा. डब्यात बटाट्याची भाजी आहे? बटाटा हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. पाव त्यांचाच. काजू, पपई, अननस ही फळं त्यांनीच अमेरिकेहून आणली. दाराची चावी, न्हाणीतली बालदी, बांधकामावरचं घमेलं, गुरुजींचा पगार, बाजारातला लिलाव, हे सगळे शब्द त्या बोलीतून आपल्याकडे आले. राज्य गेलं, भिंती पडल्या, शब्द मात्र आपल्या स्वयंपाकघरात येऊन राहिले.

पण श्रोतेहो, गोड तेवढंच सांगून भागणार नाही. या शहरात सुख होतं ते मूठभरांचं. तटाच्या आत राहण्याचा मान गोऱ्या सरदारांचा. पाथरवट, गवंडी, मजूर, नावाडी आपले. वसईचा काळा दगड इतका नावाजलेला, की गोव्याच्या बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागासाठी तो इथून गेला. दगड फोडणाऱ्याचं नाव मात्र कुठल्याच शिळेवर नाही. याच राज्यात देवळं पाडली गेली, धर्मासाठी माणसांचा छळ झाला. म्हणूनच चिमाजी अप्पांची मोहीम वसईवर आली, तेव्हा या मुलखातले कितीतरी लोक तिला मिळाले.

१७३९ च्या मे महिन्यात मराठ्यांनी तटाखाली सुरुंग उडवले आणि खिंडारात हातघाईची लढाई झाली. दोन्हीकडची माणसं फार पडली. वसई शरण आली. पुढचं मात्र मुलांना आवर्जून सांगा. चिमाजी अप्पांनी हरलेल्या शिबंदीला शस्त्रं आणि निशाणं घेऊन मानाने जाऊ दिलं आणि रहिवाशांना आपली चीजवस्तू नेऊ दिली. चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी देवळांना वाहिल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात त्यांतली एक आहे. तिच्यावर १७२१ साल आहे. भीमाशंकरलाही एक आहे. मराठ्यांच्या हातात येऊनही शहर पुन्हा तसं नांदलं नाही. १७८० मध्ये इंग्रजांनी ते घेतलं, १७८२ च्या सालबाईच्या तहाने परत दिलं, आणि १८०२ च्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह करून पेशवाई त्यांच्या दावणीला बांधली. जिथं मराठ्यांनी मोठा विजय मिळवला, तिथंच त्यांनी स्वातंत्र्य गहाण टाकलं. मध्ये अवघी त्रेसष्ट वर्षं.

उन्हं कलली की खाडीच्या दरवाजाकडे चला. वाटेत संत जोसेफच्या चर्चचा उंच मनोरा लागतो. दारावरच्या शिळेत १६०१ साल कोरलेलं आहे, त्या साली हे चर्च नव्याने बांधलं म्हणून. ती शिळा मी वाचत होतो आणि मला माझी शाळेची सहल आठवली. तेव्हा मीही इथल्याच एका भिंतीवर खिळ्याने आपलं नाव कोरलं होतं. शोधलं. नाव सापडलं नाही. तेवढा गिलावाच खाली पडला होता. नाव राहिलं नाही याचं वाईट वाटलं नाही. चारशे वर्षं तगलेला चुना माझ्या खिळ्यासारख्या शंभर खिळ्यांनी सुटला, याचं वाटलं. शिकवणाऱ्यांना माझी विनंती एवढीच: मुलांना तिथं न्याल तेव्हा खिळे खिशातून काढून घ्या आणि हातात कागद-पेन्सिल द्या. प्रत्येकाला एक कमान, एक शिळा, एक झाड वाटून द्या, आणि अर्धा तास तरी एकेकट्याला गप्प बसवा. गिलावा पुन्हा येत नाही.

दरवाजातून बाहेर पडलं की एकदम माणसांचा आवाज येतो. किल्लाबंदराचे कोळी जाळी सावडताहेत, होड्या लागताहेत, मासळीचा वास दरवळतोय. ज्यांना शहराच्या आत जागा नव्हती, त्यांच्यासारख्याच कष्टकऱ्यांची वस्ती आज इथं नांदते आहे, आणि सरदारांच्या वाड्यांत वड-पिंपळ वाढताहेत. तिथं थोडं टेका. पाणी बघा. मग परतीची गाडी धरा.

रात्री घरी याल, खिशातली चावी काढाल, दार उघडाल. चावी म्हणताना क्षणभर थांबाल, एवढं मात्र नक्की.