जुना रंग, नवे ब्रेक : घरच्या पिकअपची दुरुस्ती

आमच्या व्यापारी बांधवांपैकी पुष्कळांच्या दारात एखादी जुनी गाडी उभी असते. विकावी तर भंगाराचा भाव येतो, ठेवावी तर जागा अडते, आणि वाडवडिलांची म्हणून हात उचलत नाही. हिंजवडीतील आमच्या दुकानामागे अशीच एक टाटामोबाईल २०६ पिकअप चिंचेखाली नऊ वर्षे उभी होती. गेल्या वर्षी ती पुन्हा रस्त्यावर आली. त्यात जे शिकलो ते येथे देत आहोत.

ही गाडी मरहूम वालिदसाहेबांनी १९९१ मध्ये घेतली. पिंपरीच्या कारखान्याने हे मॉडेल १९८८ मध्ये काढले. तेव्हा त्या कंपनीस सारे टेल्को म्हणत, टाटा मोटर्स हे नाव २००३ मध्ये आले. हिंजवडीत त्या वेळी आयटी पार्क नव्हते, शेती होती. इचलकरंजी आणि मालेगावचे तागे पुण्यात उतरत आणि या गाडीतून पौड, घोटावडे, तळेगावच्या बाजाराला जात. डाव्या दारावर मराठीत आणि उजव्या दारावर उर्दूत अब्बांचे नाव व ‘कापडाचे व्यापारी’ असे लिहिलेले आहे. मराठी अक्षरे पेंटरने एका बैठकीत काढली. उर्दूसाठी मात्र अब्बांनी एका कातिबाला बोलावले होते. त्याने आधी खडूने आखले, दोनदा पुसले आणि मग ब्रश हाती घेतला. आम्ही तेव्हा तेथेच उभे होतो. निळा रंग आता उन्हाने राखेसारखा झाला आहे, पण अक्षरे वाचता येतात.

घरात तीन मते पडली. धाकट्या भावाचे म्हणणे, गाडी सरळ मान्यताप्राप्त स्क्रॅप केंद्रात द्यावी. तेथून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीला सवलत मिळते. चिरंजीवांना वाटे, मारायचाच तर चकचकीत रंग मारावा. आमचे मत, रंगाला हात लावू नये. शेवटी उस्ताद मिस्त्रींना बोलावले. त्यांनी रंगाकडे पाहिलेच नाही. हातोडी घेऊन गाडीखाली शिरले आणि चॅसिस ठोकत सुटले. टणक आवाज आला तर लोखंड शाबूत, भदभदीत आला तर आतून खाल्लेले. दोन आडव्या पट्ट्या गेल्या होत्या, लांब दांडे शाबूत होते. ते म्हणाले, दांडे गेले असते तर मीच तुम्हाला भंगारात द्यायला सांगितले असते. आमच्या मते कोणत्याही जुन्या गाडीचा निर्णय याच ठोकणीवर करावा, आठवणींवर करू नये.

गंज दोन प्रकारचा असतो, हे आम्हाला तेव्हा समजले. पत्र्यावर वरवर चढलेला तांबूस थर थांबवता येतो. पत्रा खाऊन भोक पाडणारा गंज कापूनच काढावा लागतो. दोन्ही पट्ट्या कापून नव्या वेल्ड केल्या, त्याआधी बॅटरीच्या वायरी सोडल्या. खालून सर्वत्र रेड ऑक्साईड आणि त्यावर काळा रंग दिला. खालची बाजू कोणी पाहत नाही, तेथे जुनेपण जपण्याचे काही कारण नाही.

पैसा खरा गेला तो ब्रेक आणि स्टिअरिंगवर. उभ्या गाडीचे ब्रेक चालत्या गाडीपेक्षा लवकर बिघडतात, कारण ब्रेक ऑईल हवेतील पाणी ओढते आणि नळ्या आतून गंजतात. म्हणून सगळे पाइप, रबरी होज, मास्टर सिलिंडर व चाकांचे सिलिंडर नवे घातले. ड्रम लेथवर साफ करून घेतले. एक फार झिजला होता, तो बदलला. मागचे पाटे उतरवून तापवून कमान दिली, बुश नवे टाकले. टायर दिसायला भरलेले होते, तरी उस्तादांनी ते काढून ठेवले. टायरच्या बाजूस चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरांवर २०१२ साल निघाले. नक्षी शाबूत असली तरी रबर तडकले होते. इंजिनाने फारसा त्रास दिला नाही. टाकी धुतली, डिझेल पंप व नोझल तपासून घेतले, हीटर प्लग बदलले.

सुट्या भागांची गोष्ट मात्र वेगळी. हे १९४८ सीसी इंजिन पुढे सिएरा, इस्टेट आणि पहिल्या सुमोतही बसले, त्यामुळे इंजिनाचे सामान पुण्याच्या नाना पेठेत अजून निघते. नंतरच्या २०७ डीआयचे इंजिन मोठे व निराळे. नाव जवळचे पाहून त्याचे सामान घेऊ नये. पत्र्याचे भाग, दिव्यांच्या कड्या, मुठी यांसाठी आम्ही कुदळवाडीला जात असू. झिजलेल्या ड्रमच्या जागी दुसरा जानेवारी २०२५ मध्ये तेथेच मिळाला. पुढच्याच महिन्यात महापालिकेने कुदळवाडी-चिखली भागातील भंगाराची गोदामे व शेड मोठ्या संख्येने पाडली. आमचा भंगारवाला कोठे गेला ते शोधण्यात दीड महिना गेला. ढिगात हात घालून कोणत्या गाडीचा कोणता तुकडा हे डोळे मिटून सांगणारी माणसे आता पांगली आहेत, आणि ते हुन्नर कोणत्याही यादीत लिहिलेले नाही.

आता रंगाविषयी. प्रथम साध्या साबणाने गाडी धुतली. गंजाच्या जागा बारीक पॉलिश कागदाने हलक्या हाताने घासल्या आणि त्यावर गंज रोखणारे फॉस्फोरिक ॲसिडचे द्रावण लावले. ते अक्षरांवर जाऊ दिले नाही. सर्व वाळल्यावर जवसाचे उकळलेले तेल टर्पेंटाईनमध्ये पातळ करून कापडाने पुसून घेतले. हे तेल हवेत सुकून पातळ पापुद्रा धरते, पाणी आत जात नाही आणि फिका रंग फिकाच, पण जिवंत दिसतो. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा लावावे लागेल. कापडवाल्या बांधवांनी एक गोष्ट फार ध्यानात ठेवावी. या तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर त्या आपोआप तापतात आणि पेट घेतात, काडी लागत नाही. आमच्या पोराने त्या गोदामाच्या दाराशी टाकल्या होत्या. उस्तादांनी ओरडून त्या बाहेर पाण्याच्या बादलीत टाकायला लावल्या. आत चादरींच्या गाठी होत्या.

रंग न बदलण्यात कागदाचीही सोय आहे. आरसी पुस्तकात गाडीचा रंग लिहिलेला असतो. तो बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते. चॅसिस नंबरावर ग्राइंडर मात्र कधीही चालवू नये. तपासणीत त्या नंबराची छाप घेतात, आणि अंक पुसट झाले तर माणूस खरा असूनही गाडी संशयात येते.

मालवाहू गाडीस आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतो. जुन्या गाड्यांची फी १ एप्रिल २०२२ पासून वाढली, आणि नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेत वीस वर्षांवरील हलक्या गाडीस १५,००० रुपये ठरले. म्हणून खर्च करण्याआधी फी, हरित कर व थकलेला कर यांची बेरीज करावी. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी आहे, पण ती धंद्याच्या गाडीस उपयोगी नाही.

तपासणीत निरीक्षकांनी रंगाबद्दल एक शब्द काढला नाही. ब्रेक, दिवे, हॉर्न, वायपर, धूर आणि रिफ्लेक्टरच्या पट्ट्या पाहिल्या. पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. जुन्या भुकटलेल्या रंगावर या पट्ट्या चिकटत नाहीत, तेवढी जागा घासून घ्यावी लागते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेटही सक्तीची झाली आहे. चारचाकीस ७४५ रुपये आणि वर जीएसटी. हाताने रंगवलेली पिवळी पाटी त्यामुळे उतरवावी लागली. ती आता दुकानात गल्ल्याच्या वर आहे.

गाडी सध्या आठवड्यातून दोन फेऱ्या पौडकडे करते. त्याहून जास्त आम्ही तिच्याकडून घेत नाही. उजव्या दाराची काच वर-खाली करण्याची मूळ मूठ तेवढी अजून मिळालेली नाही, तेथे पान्याने काम चालते. कोणा बांधवाकडे असल्यास कळवावे, योग्य दाम देऊ.